निर्वासिताला काम कशासाठी लागतं

बांगलादेशात कॉक्स बाजारजवळ रोहिंग्या निर्वासितांच्या प्रचंड छावण्या आहेत. तिथल्या लोकांना बाहेर जाऊन रीतसर नोकरी करायची परवानगी नाही. अशा ठिकाणी काही अर्थतज्ज्ञांनी 745 लोकांना घेऊन एक प्रयोग केला. एका गटाला दर आठवड्याला ठरावीक रोख रक्कम दिली. दुसऱ्या गटाला तेवढेच पैसे दिले, पण काम देऊन. तिसरा गट तुलनेसाठी ठेवला. 2022 साली निष्कर्ष छापून आले. पैसे सारखेच असूनही काम मिळालेल्यांचं मनःस्वास्थ्य नुसती रक्कम मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त सुधारलं होतं. मग काम करणाऱ्यांना विचारलं, की रोख रक्कम सोडून थोडे दिवस हेच काम फुकट करत राहाल का? 66 टक्के लोक तयार झाले.

ज्यांच्याकडे जवळजवळ काहीच उरलेलं नाही अशी ही माणसं. पैसे सोडून काम मागावंसं त्यांना वाटलं, याचा अर्थ कामातून पगाराखेरीज असं काहीतरी मिळतं जे त्यांना पैशांहून कमी मोलाचं वाटत नाही. ते काय आणि कोणत्या परिस्थितीत ते मिळेनासं होतं, हे समजलं की निर्वासितांच्या रोजगाराबद्दलचे बरेचसे वाद सोपे होतात.

पगाराखेरीज काय मिळतं

याचं सगळ्यात नेमकं उत्तर मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दिलं. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावात जवळपास सगळं गाव एकाच कापड गिरणीवर जगत होतं. 1930च्या सुमारास गिरणी बंद पडली. याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बेकार झालेल्या लोकांचे दिवस बारकाईने नोंदवले. वेळच वेळ असताना लोक जास्त वाचतील असं आपल्याला वाटतं. पण गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं उलट घटलं. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला. दिवसभर काय केलं, हे त्यांना धड सांगता येईना. बायकांचा दिवस घरकामामुळे निदान बांधलेला राहिला.

यातून पुढे याहोदांनी मांडलं की नोकरी पगाराबरोबर पाच गोष्टी देते. दिवसाला चौकट मिळते. घराबाहेरच्या माणसांशी संबंध येतो. आपण इतरांबरोबर मिळून काहीतरी उभं करतोय ही जाणीव येते. समाजात एक ओळख मिळते. आणि हातपाय, डोकं नियमित चालत राहतं. पगार बुडाला तर भत्ता देता येतो, पण या पाच गोष्टी भत्त्यातून देता येत नाहीत. याहोदांना स्वतःलाही पुढे राजकीय कारणांवरून तुरुंगवास झाला आणि 1937 साली ऑस्ट्रिया सोडून इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला.

आता ही पाच कलमं निर्वासिताला लावून पाहा. मारिएन्थालच्या बेकाराकडे निदान घर होतं, शेजारी होते, भाषा होती. निर्वासिताचं हे सगळं एकदम गेलेलं असतं. त्यामुळे काम नसण्याची पोकळी त्याच्या आयुष्यात कितीतरी मोठी होते, आणि काम मिळालं तर त्यातून मिळणारा आधारही तेवढाच मोठा असतो.

वाट पाहण्याचा आजार

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत. निर्वासित म्हणजे ज्याला आपल्या देशात छळाची रास्त भीती आहे हे मान्य झालंय आणि संरक्षण मिळालंय तो. आश्रयार्थी म्हणजे ज्याने असं संरक्षण मागितलंय, पण निकाल अजून यायचाय. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार 2024च्या अखेरीस जगात 4 कोटी 27 लाख निर्वासित आणि 84 लाख आश्रयार्थी होते. आश्रयार्थ्याच्या अर्जाचा निकाल लागायला महिने जातात, पुष्कळदा वर्षं. बहुतेक देशांत कामावरची बंदी नेमकी याच काळात लागू असते.

हा काळ मनाला किती खातो, हे नेदरलँड्समधल्या इराकी आश्रयार्थ्यांच्या एका पाहणीत स्पष्ट दिसलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, येऊन सहा महिनेही झाले नव्हते अशांपैकी 42 टक्के लोकांना मानसिक आजार होता. दोन वर्षांहून जास्त काळ निकालासाठी ताटकळलेल्यांमध्ये हेच प्रमाण 66 टक्के होतं. दोन्ही गट एकाच देशातून आलेले. मायदेशात सोसलेले आघात हे आजाराचं एक कारण आहेच, पण सुरक्षित देशात पोहोचल्यावर जे घडतं किंवा घडत नाही, तेही आजार वाढवतं. आघात पुसता येत नाहीत. ताटकळणं मात्र माणसांनी केलेल्या नियमांतून येतं, आणि नियम बदलता येतात.

नियम देशोदेशी बरेच वेगळे आहेत. 1951चा निर्वासित करार 17 ते 19 या कलमांत नोकरी, स्वतःचा धंदा आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यवसाय यांबद्दल बोलतो, पण तिथली बहुतेक हमी मान्यता मिळालेल्या किंवा कायदेशीर वास्तव्य असलेल्यांसाठी आहे. युरोपीय संघात 2013च्या निर्देशानुसार आश्रयार्थ्याला जास्तीत जास्त नऊ महिन्यांत कामाची वाट मोकळी करावी लागते. 2024च्या नव्या निर्देशाने ही मुदत सहा महिन्यांवर आणली. ब्रिटनमध्ये अर्जाला बारा महिने उलटल्यावरच परवानगी मागता येते, तीही उशीर अर्जदारामुळे झालेला नसेल तर, आणि मिळाली तरी ठरावीक यादीतल्याच नोकऱ्यांसाठी. याच्या दुसऱ्या टोकाला युगांडा आहे. तिथे 2006च्या कायद्याने निर्वासितांना काम करायचा आणि देशात फिरायचा हक्क दिला, आणि वसाहतींत राहणाऱ्यांना कसायला जमिनीचा तुकडाही दिला जातो.

बंदीमागचा युक्तिवाद असा, की कामाची मुभा दिली तर कमाईसाठी लोक खोटे अर्ज करतील. काळजी समजण्यासारखी आहे. पण बंदीची किंमत नंतर मोजावी लागते, आणि ती मोजून झालेली आहे. जर्मनीत 2000 साली एका न्यायालयीन निर्णयामुळे ही मुदत बदलली, त्यामुळे थोड्याफार फरकाने आलेल्या दोन गटांची तुलना करणं शक्य झालं. ज्यांना सुरुवातीला सात महिने जास्त थांबावं लागलं, त्यांच्यातलं नोकरीचं प्रमाण बंदी उठून पाच वर्षं झाल्यावरही सुमारे 20 टक्क्यांच्या अंतराने मागे होतं. ते अंतर भरून यायला दहा वर्षांपर्यंत काळ गेला. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात निकालासाठी लागलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे नंतर नोकरीला लागलेल्यांचं प्रमाण 4 ते 5 टक्के गुणांनी घटलेलं दिसलं.

सात महिन्यांचं नुकसान दहा वर्षं का पुरतं? नव्या देशात पाऊल ठेवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माणसाची उमेद सगळ्यात जास्त असते. भाषा शिकायची, ओळखी करायच्या, काहीतरी करून दाखवायचं, हे सगळं तेव्हा ताजं असतं. त्या महिन्यांत दिवस मोकळे गेले की झोपेची वेळ सरकत जाते, माणूस घराबाहेर पडेनासा होतो, बोलायला कोणी नसल्याने भाषा अडखळते. हातातलं कसब गंजतं. पुढे मालक विचारतो, "मधली दोन वर्षं काय करत होता?" याला देण्यासारखं उत्तर नसतं. परवानगी मिळते तेव्हा कायदा बदललेला असतो, पण माणूसही बदललेला असतो.

2022च्या मार्चमध्ये युरोपीय संघाने युक्रेनहून आलेल्यांसाठी 2001चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश प्रथमच लागू केला आणि त्यांना वाट न पाहता कामाचा हक्क दिला. म्हणजे इच्छा असेल तर हे करता येतं. मग हीच मुभा इतरांना का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

परवाना हातात आल्यावर कुठे अडतं

हक्क मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं होत नाही. मधे कागदांची एक साखळी असते आणि तिची एक कडी निसटली तरी सगळं थांबतं. साधारण क्रम असा: ओळखपत्र, त्यावर काम करता येतं अशी नोंद, करक्रमांक किंवा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक, राहत्या पत्त्याचा पुरावा, बँक खातं. पगार खात्यातच जमा करायचा असेल तर खात्याशिवाय नोकरी नाही. बँकेला पासपोर्ट हवा असतो, आणि तो कित्येकांकडे नसतो, कारण ज्या सरकारपासून पळून आले त्याच्याच वकिलातीत जाऊन नवा मागणं धोक्याचं असतं. अशा वेळी त्या देशात पासपोर्टऐवजी कोणता कागद चालतो, त्याचा नियम छापून सोबत नेला तर काम लवकर होतं. काउंटरवर बसलेल्या माणसाला तो नियम ठाऊक नसणं ही रोजची गोष्ट आहे.

दुसरी अडचण मुदतीची. कार्ड सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज केलेला असतो, पण नवं कार्ड यायच्या आत जुनं संपतं, आणि मालक दंडाच्या भीतीने माणसाला घरी बसवतो. काही देशांत अर्जाच्या पावतीवर काम चालू ठेवता येतं. तसा नियम असेल तर ती पावती आणि नियमाचा उतारा मुदत संपायच्या आधीच मालकाच्या हातात दिलेला बरा.

तिसरी अडचण सगळ्यात घातक: परवाना एकाच मालकाशी बांधलेला असणं. जॉर्डनने 2016 साली लंडनच्या परिषदेनंतर सीरियन निर्वासितांना सुमारे 2 लाख कामाच्या संधी देण्याचं ठरवलं. सुरुवातीला परवाना एका मालकाच्या नावावर निघायचा आणि काही ठरावीक क्षेत्रांपुरताच असायचा. शेतीत आणि बांधकामात तर माणूस आज इथे, उद्या तिथे राबतो. त्याला एक मालक कुठून आणायचा? नंतर शेतीत सहकारी संस्थांमार्फत आणि बांधकामात कामगार संघटनेमार्फत परवाने देण्याची सोय झाली, तेव्हा ही गाठ सैल झाली. आकडे मोठे दिसले तरी परवाना कुणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावं. मालक बदलता येत नसेल तर कामगाराला पगार बुडवल्याची तक्रारही करता येत नाही, कारण तक्रार केली की नोकरी आणि परवाना दोन्ही एकदम जातात.

यात भर पडते ती आधार अचानक काढून घेण्याची. ब्रिटनमध्ये आश्रय मंजूर झाल्यावर सरकारी निवारा आणि भत्ता सोडायला बराच काळ 28 दिवसांचीच मुदत होती. डिसेंबर 2024 पासून काही काळ 56 दिवसांचा प्रयोगही झाला. चार आठवड्यांत घर, खातं, नोकरी आणि अनामत रक्कम जमवायची! अशा घाईत माणूस समोर येईल ते काम पत्करतो, आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं त्यातच अडकतो.

डॉक्टर भांडी घासतो तेव्हा

2005 साली निर्वासितांच्या मनःस्वास्थ्यावरच्या 56 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कामाचा हक्क, रोजगाराची वाट आणि पूर्वीचा आर्थिक दर्जा टिकलेला असेल तिथे लोकांची स्थिती बरी होती, हे अपेक्षितच. पण जास्त शिकलेल्या आणि मायदेशात चांगल्या स्थितीत असलेल्या निर्वासितांची अवस्था इतरांपेक्षा वाईट निघाली. शिक्षण एरवी माणसाला सावरतं. इथे ते ओझं झालं. ज्याची ओळख "शिक्षक", "परिचारिका", "सुतारांचा मुकादम" अशी होती, त्याला कोणतंही काम देऊन चौकट मिळेल, सोबतही मिळेल, पण ओळख परत मिळणार नाही. याहोदांच्या पाचपैकी चौथं कलम रिकामंच राहतं.

यावर उपाय आहेत, पण ते लोकांपर्यंत पोचत नाहीत. पदव्यांच्या मान्यतेसाठी 1997च्या लिस्बन करारात सातवा भाग खास निर्वासितांसाठी आहे: कागद नसले तरी शिक्षण तपासण्याची रीत देशांनी ठेवायला हवी. त्याच विचारातून युरोप परिषदेचा निर्वासितांसाठीचा पात्रता पासपोर्ट निघाला. त्यात अर्जदार आपल्या शिक्षणाची आणि अनुभवाची तपशीलवार प्रश्नावली भरतो, असतील ते कागद जोडतो, मग पदव्या पारखण्यात तरबेज असलेले तज्ज्ञ मुलाखत घेतात. कोणते विषय होते, परीक्षा कशी व्हायची, संस्था कुठे होती, असे प्रश्न असतात. शिकलेल्या माणसाला ते सहज सांगता येतं, न शिकलेल्याला बनवता येत नाही. निकाल पटला तर पाच वर्षं चालणारा दाखला मिळतो. मात्र हा दाखला म्हणजे डॉक्टरकीचा किंवा वकिलीचा परवाना नव्हे. त्यासाठी त्या त्या देशाच्या परीक्षा द्याव्याच लागतात. ही मर्यादा पहिल्या दिवशी सांगितली नाही तर पुढे मोठा अपेक्षाभंग होतो.

हाताचं कसब असलेल्यांना कागदापेक्षा प्रात्यक्षिक उपयोगी पडतं. वेल्डिंग करणाऱ्याला जोड करून दाखवू द्यावा, शिंप्याला बाही बसवून दाखवू द्यावी. भाषा तोडकी असली तरी हात बोलतात.

आणि पूर्वीच्या पेशाकडे जायला वेळ लागणार असेल तर मधली पायरी त्याच क्षेत्रातली असावी. परिचारिकेने दोन वर्षं गोदामात काढण्यापेक्षा रुग्णालयात साहाय्यक म्हणून काढलेली बरी. शब्द कानावर पडत राहतात, ओळखी होतात, आणि "मी कोण" याचा धागा तुटत नाही.

भाषा आधी की काम आधी, हा वाद जुना आहे. आमच्या मते तो प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. डेन्मार्कने 1999 साली निर्वासितांसाठी भाषावर्गांचे तास बरेच वाढवले; त्याचा फायदा पुढे कित्येक वर्षं रोजगारात आणि कमाईत दिसत राहिला. पण काम अजिबात नसलेला भाषावर्ग हवेत राहतो, आणि भाषावर्ग नसलेलं काम माणसाला तळाशी बांधून ठेवतं. निम्मा दिवस काम, निम्मा दिवस वर्ग, आणि वर्गात त्याच कामाचे शब्द, ही रचना सगळ्यात टिकाऊ. कामाच्या वेळा दर आठवड्याला बदलत असतील तर मात्र ती हमखास कोसळते, कारण वर्ग बुडत जातात.

वाईट नोकरी

काम नेहमीच बरं करतं, असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सर्वसाधारण लोकसंख्येवरच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अतिताणाची, बेभरवशाची, काहीच हातात नसलेली नोकरी लागलेल्यांचं मनःस्वास्थ्य बेकार राहिलेल्यांपेक्षाही जास्त खालावलं. स्थानिक माणूस अशी नोकरी निदान सोडू शकतो. निर्वासिताला गावी पैसे पाठवायचे असतात, प्रवासासाठी काढलेलं कर्ज फेडायचं असतं, आणि काही ठिकाणी कुटुंबाला बोलावून घेण्यासाठी ठरावीक पगार दाखवावा लागतो. नोकरी सोडणं म्हणजे मुलांची भेट लांबवणं. हे मालकाला माहीत असतं.

परवान्याशिवाय काम करणाऱ्यांची स्थिती याहून कठीण. बंदी घातली म्हणून लोक काम करायचं थांबत नाहीत. ते लपून करतात. मग मजुरी अर्धी, सुरक्षेची साधनं नाहीत, अपघात झाला तर दवाखान्यात जायची भीती. पैसे येतात, पण वर सांगितलेली चौकट, ओळख, प्रतिष्ठा यांतलं काहीच येत नाही. उलट पकडले जाण्याची धास्ती मनात घर करते.

स्वतःचं रक्षण करायला साध्या सवयी मदत करतात. रोज कामाला लागल्याची आणि सुटल्याची वेळ तारखेसह स्वतःच्या वहीत लिहावी. मजुरीबद्दलचं बोलणं निरोपाच्या रूपात फोनवर लेखी घ्यावं. मूळ ओळखपत्र मालकाकडे कधीच ठेवू नये, फक्त प्रत द्यावी. पगार बुडाल्याचे दावे फसतात ते बहुधा पुराव्याअभावी, आणि अशी वही अनेक ठिकाणी पुरावा म्हणून चालते. देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला मजुरी, कामाचे तास आणि सामाजिक सुरक्षा यांत तिथल्या नागरिकांसारखीच वागणूक मिळायला हवी, असं 1951च्या कराराचं 24वं कलम सांगतं.

छावण्यांमधली मानधनाची कामं हा वेगळा नाजूक विषय. केनियातल्या काकुमासारख्या ठिकाणी निर्वासितच शिक्षक असतात, दवाखान्यात मदतनीस असतात, पण त्यांना पगाराऐवजी मानधन मिळतं आणि ते शेजारी बसून तेच काम करणाऱ्या स्थानिकाच्या पगारापेक्षा फार कमी असतं. दिवस भरतो, पण रोज डोळ्यांसमोर आपली किंमत कमी लावली जाते. स्वयंसेवेचंही तसंच आहे: बंदीच्या काळात ती चांगला आधार होते, पण जे काम एरवी पगार देऊन करून घेतलं जातं ते फुकटात करवून घेऊ नये.

आघात सोसलेला माणूस कामावर

बऱ्याच निर्वासितांना झोप लागत नाही, दुःस्वप्नं पडतात, एकाग्रता टिकत नाही. म्हणून आधी उपचार पूर्ण करा, मग काम, असं सुचवलं जातं. हा सल्ला हेतूने चांगला, पण परिणामाने बहुधा चुकीचा. मानसोपचारात वैयक्तिक रोजगार साहाय्य नावाची एक परखलेली पद्धत आहे. त्यात माणसाला त्याच्या पसंतीच्या खऱ्या नोकरीत लवकर लावतात आणि उपचार व मदत नोकरीबरोबर चालू ठेवतात.

पण कामाची निवड जपून करावी. झोपेचा त्रास असलेल्याला रात्रपाळी देऊ नये. कैदेत राहून आलेल्याला खिडकी नसलेल्या शीतगृहात, हिंसा पाहिलेल्याला कत्तलखान्यात पाठवणं टाळावं. रक्ताचा वास, धातूचा मोठा आवाज, गणवेशातला पहारेकरी, यांतल्या कशानेही जुनं सगळं अंगावर येऊ शकतं. मुकादमाला आजाराचं नाव कळायची गरज नाही, आणि "तुमच्यावर काय गुजरलं?" असं सहकाऱ्यांनी विचारूही नये. पुरतं ते असं: पहिले काही आठवडे कमी तास, कामाचं लेखी वेळापत्रक, अडलं तर विचारायला एक ठरलेला माणूस, आणि सुनावणी किंवा उपचारासाठी पगार न कापता रजा. सुनावणीची तारीख अर्जदार ठरवत नाही. ती गैरहजेरी धरून नोकरी गेल्याचे प्रकार अगदी टाळता येण्यासारखे आहेत.

घरातही उलथापालथ होते. कधी बायकोला सफाईचं किंवा देखभालीचं काम आधी मिळतं आणि नवरा घरी बसतो. तिला मोकळेपणा मिळतो आणि त्याच वेळी घरात ताण वाढतो, काही घरांत हिंसाही. उलट कित्येक बाया मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून वर्गालाही जाऊ शकत नाहीत, कारण सांभाळणारी आजी, मावशी, जाऊ मागे राहिलेली असते. पाळणाघराची सोय नसलेला रोजगार कार्यक्रम म्हणजे प्रत्यक्षात पुरुषांचा कार्यक्रम.

नोकरी लागली की मदत करणाऱ्या संस्थेच्या वहीत ते प्रकरण बहुधा बंद होतं. ते तीन महिने तरी उघडं ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य-प्रश्नावली यासाठी सोयीची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक उत्तराला 0 ते 5 गुण, बेरीज 25 पैकी. 13 पेक्षा कमी आली तर नीट तपासणी करावी. ती नोकरीआधी एकदा आणि तिसऱ्या महिन्यात एकदा भरून घ्यावी. सोबत काही प्रश्न समोरासमोर विचारावेत. ठरलेला पगार पूर्ण हातात येतो का? झोप किती तास लागते? भाषावर्ग सुटला का? कामावर तुम्हाला नावाने हाक मारणारं कोणी आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीन महिन्यांनंतरही नाही असं आलं, तर पगार कितीही नियमित असो, दुसरी जागा शोधायला लागावं.